धुराड्यातला वारा

मराठी विभागाच्या संपादिका आमच्याच मजल्यावर राहतात, त्यामुळे पळून जायला जागा नव्हती. 'कविता दे, नाहीतर लेख दे' असा हुकूम निघाला. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. कविता लिहिली असती तर ती वाचून कुणाला तरी नक्की रडू आलं असतं, पण चुकीच्या कारणाने. म्हणून लेख देते. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. आकडे मी तीनदा तपासले आहेत, आणि का तपासले तेच या लेखात आहे.

विषय आमच्या गच्चीवर सुरू होतो. दिवाळी झाली, गाळप सुरू झालं, की सकाळी वाळत घातलेल्या ओढणीवर दुपारी काळे ठिपके. झटकले तर पसरतात, धुतले तर राखाडी डाग राहतो. कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. चिपाडं जळतात, बॉयलर चालतो, साखर होते, वीज होते, आणि थोडी राख धुराड्यातून आपल्याकडे येते. माझी रूममेट कॉम्प्युटरची. ती एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही मेकॅनिकलवाले एवढं शिकता, ही राख नक्की किती पडते ते सांगता येईल का?" मी म्हटलं, त्यात काय, सोपं आहे. धुरात राख किती आणि धूर किती, दोन्ही मोजायचं आणि गुणायचं.

सोपं नाही. गेल्या हंगामात ट्रेनिंगसाठी एका खासगी लॅबच्या टीमबरोबर जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं धुराडं मोजायला गेले, तेव्हा ते कळलं. 'राख किती' हे निदान थिंबलमध्ये गोळा करून तराजूवर ठेवता येतं. 'धूर किती' हे मात्र कशातच भरून आणता येत नाही.

वाहत्या गोष्टीचं माप आपण कोल्हापूरकर रोज ऐकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. हे फूट डोळ्यांना दिसतात, खांबावर रंगवलेले आहेत. पण राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की बातमी येते, 'विसर्ग १४२८ क्युसेक'. क्युसेक कुणाला दिसत नाही. दरवाजाचं माप आणि पाण्याची उंची यांवरून गणिताने काढलेला तो आकडा असणार. १४०० म्हटलं असतं तर मी काही बोलले नसते. माझा जीव त्या शेवटच्या ८ मध्ये अडकतो. एवढं पाणी धबाधबा कोसळत असताना तो ८ कुणी मोजला? फ्लो मोजणं म्हणजे नेहमी असंच असतं. मोजतो एक (उंची, दाब, वेळ) आणि सांगतो दुसरं. मधे सूत्र असतं, आणि सूत्रातल्या प्रत्येक अक्षरामागे एकेक चूक लपलेली असते.

धुराड्यात आपण दाब मोजतो. त्यासाठीची नळी ऑरी पिटोची. या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ साली पॅरिसला सेन नदीत वाकवलेली काचेची नळी बुडवली. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळीत पाणी किती वर चढतं ते पाहिलं आणि त्यावरून वेग काढला. नदी खोल जाईल तसा वेग वाढतो असं तोवर लोक मानत. त्याच्या नळीने ते खोटं ठरवलं. आज आपण धुराड्यात वापरतो ती तिचीच दणकट बहीण, एस टाइप पिटो ट्यूब. पाठीला पाठ लावलेल्या दोन नळ्या, एकीचं तोंड धुराकडे, दुसरीचं उलट दिशेला. भोकं मोठी, त्यामुळे राखेने लगेच चोंदत नाहीत. दोन्हींतला दाबाचा फरक मॅनोमीटरवर वाचायचा. वेगाचा वर्ग त्या फरकाच्या प्रमाणात असतो, बर्नूली, सेकंड इयर, ओरलला विचारतात.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगते. आम्ही लोखंडी शिडीने प्लॅटफॉर्मवर चढलो. खाली बगॅसचा डोंगर, त्यावर चालणारा डोझर खेळण्यातला वाटत होता. वारा असा की वही धरायला एक माणूस लागावा. धुराडं आतून २ मीटर व्यासाचं, धूर साधारण १५० अंशांचा. वेग सेकंदाला १० मीटर असेल तर मॅनोमीटरवर किती दिसायला हवं? पाण्याचे फक्त सव्वापाच मिलिमीटर. एवढ्या मोठ्या बॉयलरचा अख्खा धूर आणि मोजायला सव्वापाच मिलिमीटर! म्हणून मॅनोमीटर तिरका ठेवतात, की तेवढीच उंची नळीवर लांबून दिसते. तरी तो स्थिर राहत नाही, श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. समजा पाव मिलिमीटर चुकलं. सव्वापाचात पाव म्हणजे जवळजवळ ५ टक्के, आणि वर्गमूळामुळे वेगात चूक निम्मी, अडीच टक्के. चालेल. पण बॉयलर कमी लोडवर आहे, वेग सेकंदाला ३ मीटरच आहे, तर दाबाचा फरक उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात तोच पाव चुकला तर वेग वीस-पंचवीस टक्क्यांनी बोंबलला. उपकरण तेच, वाचणारी मीच, चूकही तेवढीच. म्हणून एखाद्या मीटरवर 'अचूकता २ टक्के' लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या वेगाला?

पिटोला एक गुणांक असतो. एस टाइपला तो सहसा ०.८४ धरतात. पण ही नळी प्लॅटफॉर्मवर एकदा जोरात आपटली, टोक जरासं वाकलं, तर तो ०.८० झालेला असू शकतो, आणि वेग सरळ ५ टक्के चुकतो. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मात्र फाइलमध्ये सुखरूप असतं.

पुढचा प्रश्न, नळी धुराड्यात कुठे धरायची? इथे मेसची आमटी आठवा. वरून पळी घातली तर पाणी येतं, तळातून ढवळून घेतली तर डाळ. पहिल्या पंगतीचं आणि शेवटच्या पंगतीचं मत कधी जुळत नाही, कारण दोघांचं सॅम्पलिंग वेगळं! धुराड्यातही मध्यभागी वेग जास्त, भिंतीलगत कमी. म्हणून एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन व्यासांवर ठरावीक बिंदूंना थांबून मोजतात. हे बिंदू समान अंतरावर नसतात, भिंतीकडे दाटीवाटीने असतात. कारण बाहेरच्या कड्यात क्षेत्रफळ जास्त मावतं आणि प्रत्येक बिंदूने सारख्याच क्षेत्रफळाचं प्रतिनिधित्व करायचं असतं. शिवाय मोजण्याची जागा वळणानंतर व्यासाच्या आठपट आणि पुढच्या अडथळ्याआधी दुप्पट अंतर सोडून असावी असा दंडक आहे. २ मीटरच्या धुराड्याला वळणानंतर १६ मीटर सरळ हवेत. जुन्या धुराड्यांत इतकी सरळ जागा सापडणं म्हणजे सबमिशनच्या आठवड्यात रिकामा झेरॉक्सवाला सापडणं.

आणि धूर सरळ वर जातो असं कुणी सांगितलं? बाजूच्या डक्टमधून तो धुराड्यात घुसतो तेव्हा बादलीतल्या पाण्याला हात फिरवल्यासारखा भोवरा होतो. धूर गोल फिरत वर चढतो. आपल्याला हवा फक्त वर जाणारा वेग, पण एस पिटो तिरक्या वाऱ्यालाही दाद देते आणि बहुधा आकडा फुगवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने, म्हणजे निस्टने, या एका कारणासाठी गेथर्सबर्गच्या प्रयोगशाळेत धुराड्याची लहान प्रतिकृती बांधली आहे, तीही आडवी! मुद्दाम काटकोनी वळण देऊन भोवरा तयार करायचा आणि तीच हवा सरळ भागातही नीट मोजायची, म्हणजे भोवऱ्यातलं मीटर किती खोटं बोललं ते कळतं. कोळशाच्या वीजकेंद्रातून किती कार्बन डायऑक्साइड गेला याचा हिशोब शेवटी या वेगावर येतो, म्हणून हा खटाटोप.

आता बऱ्याच ठिकाणी पिटोऐवजी कायमस्वरूपी मीटर बसवलेले दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी बसवायला सांगितलं, त्यात साखर आणि डिस्टिलरीही आल्या. अल्ट्रासॉनिक मीटरची युक्ती मला फार आवडली. धुराड्याच्या दोन बाजूंना, एक खाली आणि एक वर, तिरके समोरासमोर दोन सेन्सर. एकदा आवाज धुराच्या दिशेने पाठवायचा, एकदा विरुद्ध. नदीत पोहताना उतारावर लवकर पोचतो, चढावर उशीर होतो, तसंच. आमच्या २ मीटरच्या धुराड्यात, सेन्सर ४५ अंशांत असतील तर, १० मीटर वेगाला दोन्ही वेळांतला फरक येतो सुमारे ०.२४ मिलिसेकंद. तेवढा आजचं इलेक्ट्रॉनिक्स आरामात मोजतं. चूक इलेक्ट्रॉनिक्समध्ये नसतेच, ती वेल्डरच्या हातात असते. सेन्सरचा कोन ४५ ऐवजी ४६ बसला आणि आपण ४५ धरला, तर वेगात पावणेदोन टक्के गेले. शिवाय आवाज एकाच रेषेतून जातो. व्यासावरून जाणाऱ्या रेषेवर मधल्या वेगवान धुराला जास्त मान मिळतो, म्हणून सुधारणा न करता वाचलं तर आकडा पाच-सात टक्के जास्त येतो. थर्मल मीटरही असतात, गरम तार धुरात ठेवायची आणि ती किती थंड होते ते पाहायचं. स्वच्छ हवेसाठी छान. बगॅसच्या धुरात राखेचा थर चढला की तार स्वेटर घालून बसते आणि 'वारा मंद आहे' म्हणून सांगते.

थराचीच आणखी एक गंमत. २ मीटरच्या धुराड्यात आतून सगळीकडे २ सेंटिमीटर राख चिकटली तर व्यास १.९६ होतो आणि क्षेत्रफळ ४ टक्के घटतं. ड्रॉइंगवर मात्र २ मीटरच. ड्रॉइंगला कुठली राख चिकटते!

आता त्या दिवसाकडे येते. टीममधले केमिस्ट काका (सगळे त्यांना काकाच म्हणतात) मला म्हणाले, "पोरी, वाचनं तू लिही आणि हिशोबपण तूच कर. मी माझा वेगळा करतो. संध्याकाळी ताळा बघू." मला मूठभर मांस चढलं. हा हिशोब थोडा लांब आहे, पण एकदा बघाच.

क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर, वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे तासाला साधारण १,१३,००० घनमीटर धूर. पण गरम हवा फुगलेली असते, उंचावरची हवा विरळ असते, आणि ओल्या धुरात वाफ असते. तुलना करायची तर सगळ्यांना एकाच मापात आणायला हवं, त्याला नॉर्मल घनमीटर म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी २५ अंश तापमान, पाऱ्याचा ७६० मिलिमीटर दाब आणि कोरडा धूर धरतात. (युरोपात नॉर्मल म्हणजे ० अंश! दोन 'नॉर्मल'मध्ये ९ टक्क्यांचा फरक. परदेशी मीटरचं माहितीपत्रक वाचताना लक्षात ठेवा.) १५० अंशांवरून २५ वर आणलं की १,१३,००० चे ७९,६०० होतात. दाबाची सुधारणा केली की ७४,४००. बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं, त्यामुळे धुराचा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त भाग नुसती वाफ. ती वजा केली की उरतात ५८,८००. बघा, धुराडं तेच आणि धूरही तोच, पण कागदावर तो निम्मा झाला. यातली एक पायरी चुकली तरी शेवटचा आकडा तितक्याच ऐटीत छापला जातो.

मी चुकले ती दाबाच्या पायरीवर. बॅरोमीटर काकांच्या बॅगेत होता. मागायला संकोच वाटला, म्हणून मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडलं. कोल्हापूर, दाब १०१२ हेक्टोपास्कल. पाऱ्यात केलं तर ७५९ मिलिमीटर. म्हटलं वा, जवळपास ७६०, सुधारणा करायचीच गरज नाही!

संध्याकाळी ताळा केला. माझ्याकडे राखेचं प्रमाण आलं नॉर्मल घनमीटरला १४३ मिलिग्रॅम. काकांकडे १५३. आणि साखर कारखान्याच्या धुराड्याला मर्यादा आहे १५०.

टेबलावर दोन कागद. माझ्या कागदावर कारखाना पास, काकांच्या कागदावर नापास. तिथे बसलेले एक साहेब हसून म्हणाले, "या मॅडमचा हिशोब चांगला दिसतोय की!" मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करते. काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझा कागद जवळ ओढला, दाबाच्या ओळीवर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "हे कुठनं आणलंस?"

"ॲपवरून."

"समुद्र कुठं आहे हितं?"

दोन मिनिटं मला कळलंच नाही. मग कळलं आणि कान गरम झाले. हवामानाचे नकाशे आणि ॲप दाब दाखवतात तो समुद्रसपाटीला आणून. तसं केलं नाही तर रत्नागिरी आणि महाबळेश्वर यांची तुलनाच करता येणार नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथला खरा दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. काकांच्या बॅरोमीटरवर ७१० होतं. मी खेचलेल्या धुराचं नॉर्मल आकारमान ७ टक्के जास्त धरलं, त्यामुळे राख तेवढ्या जास्त हवेत वाटली गेली आणि प्रमाण कमी दिसलं. मीटर कुठेच चुकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गेले, कोपऱ्यातल्या बॅरोमीटरवरची धूळ पुसली. त्यावरही तेच, ७१० च्या जवळ. दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसून प्रॅक्टिकल केलेली आहेत.

यातून एक मजेशीर गोष्ट निघाली ती मला घरी परतताना बसमध्ये सुचली. प्रमाण आणि फ्लो यांचा गुणाकार केला तर तासाला किती किलो राख बाहेर पडली ते मिळतं. काकांचा गुणाकार: १५३ गुणिले ५८,८००, म्हणजे तासाला ९ किलो. माझ्या चुकीच्या दाबाने प्रमाण कमी झालं, पण त्याच चुकीने नॉर्मल फ्लो वाढला. दोघांनी एकमेकांना खाल्लं. दाब जास्त धरल्यामुळे धुराची घनता जास्त आली आणि पिटोचा वेग थोडा कमी निघाला, एवढीच चूक उरली. माझं उत्तर आलं ८.७ किलो. म्हणजे मिलिग्रॅममध्ये ७ टक्के फसलेली मी किलोमध्ये ३ टक्केच फसले.

किलो आणखी एका ठिकाणी खरं बोलतात. डक्टमध्ये ओढ असते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. कुठे फट राहिली (किंवा राहू दिली) की बाहेरची स्वच्छ हवा आत शिरते. समजा तासाला १०,००० नॉर्मल घनमीटर शिरली. राख तेवढीच, ९ किलो, पण धूर आता ६८,८००, म्हणून प्रमाण १५३ वरून १३१. पास! दुधात पाणी घालून फॅट कमी करण्यासारखंच आहे हे, फक्त इथे फॅट कमी दाखवण्यात फायदा आहे. हे पकडणारं एक माप म्हणजे फ्लो. तो १७ टक्के वाढलेला दिसायला हवा. दिसेल का?

त्यासाठी अनिश्चिततेचा हिशोब लागतो. मी माझा अंदाज मांडते, दुसऱ्या धुराड्याला आकडे वेगळे येतील. मॅनोमीटर वाचण्यातून अडीच टक्के, पिटोच्या गुणांकातून ३, घनतेतून १, क्षेत्रफळातून २, भोवरा आणि बिंदूंच्या जागा यांतून ४. साधी बेरीज साडेबारा. पण सगळ्या चुका एकाच दिवशी एकाच बाजूला पडतील असं सहसा होत नाही, म्हणून वर्ग करून बेरीज घ्यायची आणि वर्गमूळ काढायचं. येतात ६ टक्के. पंचाण्णव टक्के भरवसा हवा तर दुप्पट, म्हणजे १२. तेव्हा १७ टक्क्यांची गळती दिसेल, पण १० टक्क्यांची या बाराच्या आडोशाला आरामात झोपेल. आणि गंमत पाहा, त्या बेरजेत ४ टक्क्यांची भोवऱ्याची चूक एकटीच जवळजवळ अर्धा वाटा उचलते. महागडा मॅनोमीटर घेऊन काही मोठा फरक पडणार नाही. पैसे खर्च करायचे तर मोजण्याची जागा सुधारायला करावेत.

'रोज मोजू, सरासरी काढू, चुका मिटतील' असं मलाही वाटलं होतं. मॅनोमीटरच्या थरथरण्याचं तसं होतं खरं. वाकलेल्या पिटोचं होत नाही. ती १२० दिवसांच्या हंगामात १२० वेळा त्याच बाजूला चुकते. तासाला ९ किलो म्हणजे दिवसाला २१६, हंगामात सुमारे २६ टन राख. प्रमाणातली आणि फ्लोमधली अनिश्चितता मिळून १७ टक्के धरली, आणि ती सगळी अशा न मिटणाऱ्या चुकांची असली, तर साडेचार टन इकडचे तिकडे. एका धुराड्यातून!

फ्लो चुकला की राख गोळा करणंही चुकतं, हे राहिलं. धूर खेचणाऱ्या नळीचा वेग बाहेरच्या धुराच्या वेगाइतकाच ठेवावा लागतो. कमी वेगाने खेचलं तर धूर नळीला वळसा घालून जातो, पण जड राखेला वळता येत नाही, ती सरळ आत घुसते आणि प्रमाण जास्त दिसतं. जास्त वेगाने खेचलं तर उलट. त्यामुळे वेग चुकला तर 'धूर किती' आणि 'राख किती' दोन्ही बिघडतात.

मग १५३ म्हणजे नापास का? त्यालाही १२ टक्के लावा, १३५ ते १७१. मर्यादा मधेच कुठेतरी. माझं चुकीचं १४३ सुद्धा त्याच पट्ट्यात बसतं! साहेब म्हणाले, "मग झालं की, दोन्ही बरोबर." हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर एका शोधनिबंधात मिळालं. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरातमधल्या कारखान्यांच्या प्रदूषण ऑडिटवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे ऑडिटरची निवड कारखाना करायचा आणि पैसेही तोच द्यायचा. धुराड्यातल्या कणांसाठी मर्यादा १५०च. ऑडिटरांच्या अहवालांप्रमाणे फक्त ७ टक्के कारखाने मर्यादेबाहेर होते. स्वतंत्रपणे पुन्हा मोजलं तर ५९ टक्के! आणि अहवालांचे आकडे १५० च्या जरा अलीकडे गर्दी करून उभे होते. अनिश्चितता अशी दिसत नाही. ती दोन्ही बाजूंना पसरते, जेवढे १४३ तेवढेच कुठेतरी १६३. शंभर अहवाल एकाच बाजूला पडले तर मीटरला दोष देता येत नाही. अभ्यासकांनी मग काही ऑडिटर चिठ्ठ्या टाकून नेमले, पैसे सामायिक निधीतून दिले, काहींचं मोजमाप पुन्हा करून पाहिलं. अहवाल खरे यायला लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. पुढे २०१९ मध्ये सुरतेत कणांच्या प्रदूषणाचा बाजार सुरू झाला, कारखान्यांनी परवाने घ्यायचे आणि विकायचे. हा व्यवहार किलोत चालतो. तिथे प्रदूषण २० ते ३० टक्के घटलं असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. किलोला पैसे लागले की फ्लोमीटर गोदामातल्या वजनकाट्याइतका महत्त्वाचा होतो.

माझं १४३ चुकीचंच होतं. ते पट्ट्यात बसलं हा योगायोग. दाबाची चूक माहीत झाल्यावर तिला अनिश्चितता म्हणता येत नाही, ती दुरुस्त करायची असते. काकांनी अहवालात १५३ लिहिलं. साहेबांचा चेहरा पडला, चहा मात्र आला. पुढे स्क्रबरचे पाण्याचे नोझल बदलून पुन्हा मोजणी झाली असं काका फोनवर म्हणाले, पण तेव्हा माझी परीक्षा चालू होती, जाता आलं नाही.

रूममेटला सगळा हिशोब दाखवला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ओढणी कधी वाळत घालू?" मी म्हटलं, वारा कुठला आहे बघ. त्यासाठी अजून मीटर लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी निघताना मी काकांना विचारलं, १५३ च्या पुढे अधिक-उणे १८ लिहायचं का? त्यांनी छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यावर 'निष्कर्ष', 'मर्यादा' आणि 'शेरा' असे तीनच रकाने होते. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, जेमतेम मावेल असं लिहिलं: 'अनिश्चितता ±१८. स्थानिक दाब ७१०.' आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खाली सही कर. वाचनं तुझी हाईत."